पैसे तेंचे, मत माजां

आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. वर दोन जुनी लुगडी, त्यांच्या घडीत वेखंडाचे तुकडे, आणि तळाशी एका तारेत ओवलेली मनिऑर्डरची कूपनं. तार गंजलेली, म्हणून प्रत्येक कागदाच्या मधोमध तांबडं भोक पडलेलं.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोप लिहायला बोटभर जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवी. आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला पैसे धाडायचे. तारेतल्या बहुतेक कूपनांवर मजकूर एकच: पैसे पाठवले आहेत, तब्येत बरी आहे, पोरांना सांभाळणे. एक मात्र वेगळं. फेब्रुवारी १९७१ चं. त्यावर नेहमीच्या ओळींखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ कोंबलेली होती: "मतदानास गाय-वासरू यावर शिक्का मारणे."

ही गोष्ट आजीने मला आधीच सांगितली होती. एकदा नव्हे, दरवर्षी कधीतरी, बहुतेक करून काजू भाजताना. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने खळ्यात उभं राहून कूपन मोठ्याने वाचलं, त्यामुळे आजोबांचा हुकूम साऱ्या वाडीला कळला. शाळेत मतदान होतं. गाय-वासरू हे इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं चिन्ह, झोपडी विरोधकांची. आजी शेजारणींबरोबर गेली आणि झोपडीवर शिक्का मारून आली. "तेंका मुंबयत बसान काय कळतला? हयसर पाणी कोण भरता?" असं म्हणायची, आणि मग थोडं थांबून, "पैसे तेंचे. मत माजां."

कागद हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आमच्या मतदारसंघाचा इतिहास सांगायचा तर या कूपनापासून सांगावा.

मतदारसंघाचं नाव राजापूर. आज ते नाव निवडणूक आयोगाच्या लोकसभा मतदारसंघांच्या यादीत सापडत नाही. १९५७ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत होतं. २००८ च्या पुनर्रचनेत चिपळूण, रत्नागिरी इकडे जोडले गेले आणि २००९ पासून आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालो. वाशिष्ठीच्या काठापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत एवढा लांबलचक पट्टा. पण जुन्या माणसांच्या तोंडात अजून राजापूरच आहे, आणि माझ्याही.

१९५७ साली आजी सत्ताविशीची होती. तेव्हाचं मतदान आजच्यासारखं नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का मारायची पद्धत १९६२ ला आली. पहिल्या मतदानाची आजीला एकच गोष्ट लख्ख आठवायची: आत अंधार होता, पेट्या ओळीने ठेवल्या होत्या आणि झोपडी कुठली ते बघायला तिने वाकून तोंड अगदी पेटीजवळ नेलं होतं. शेजारी काँग्रेसची बैलजोडी होती. "बैलजोडी बघूक बरी होती," हेही ती प्रामाणिकपणे सांगायची.

झोपडी प्रजा समाजवादी पक्षाची, आणि उमेदवार बॅरिस्टर नाथ पै. वय ३४. वेंगुर्ल्याचा मुलगा, विलायतेत शिकून आलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने त्या वर्षी पश्चिम महाराष्ट्र ढवळून निघाला होता, मराठी मुलूख गुजरातसह एकाच द्वैभाषिक राज्यात अडकलेला होता. त्या लाटेनेही ते निवडून आले, हे खरंच. पण लाट ओसरल्यावर, १९६२ ला काँग्रेसने महाराष्ट्रात विरोधकांना जवळपास पुसून टाकलं तेव्हाही ते निवडून आले, आणि १९६७ लाही. याचा अर्थ माणसं झोपडीला नव्हे, त्यांना मत देत होती.

कशासाठी देत होती, हे मी पुष्कळ वर्षं शोधतो आहे. तेव्हाचा खासदार गावात काय आणू शकत होता? धड रस्ते नव्हते. मुंबईला जायचं तर आगबोट, तीही पावसाळ्यात बंद, आणि बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून उतरावं लागायचं. आजी तीन तास चालत एका सभेला गेली होती. भाषणात काय होतं ते तिला कधीच सांगता आलं नाही. सांगायची ती एवढंच, की तो माणूस आमच्यासारखो बोलता, आणि दिल्लीतसुद्धा तसोच बोलता असां ऐकलंय. दिल्लीत ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे, आणि असे बोलायचे की सभागृह ऐकत बसे. पण आजीच्या म्हणण्यात जे होतं ते मला आता कळतं. ज्या मुलखातले पुरुष दुसऱ्याच्या गिरणीत, दुसऱ्याच्या घरात मान खाली घालून काम करत होते, त्या मुलखाला दिल्लीत मान वर करून बोलणारा आपला माणूस हवा होता. रस्ता, नळ हे नंतर.

नाथ पैंच्या कामाविषयी माझ्या मनात एक गुंता आहे, तो लपवून पुढे जाणार नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं: घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचा, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्यांचा. विधेयकावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, मंजूर मात्र झालं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्येच २४ व्या दुरुस्तीने सरकारने तेच केलं. लोकांवर एवढा विश्वास असलेल्या माणसाला तसं वाटणं मी समजू शकतो. पण पुढे चारच वर्षांत आणीबाणी आली आणि तीच संसद काय काय मंजूर करू शकते ते देशाने पाहिलं. नाथ पै असते तर त्यांनी आपलं मत बदललं असतं का, हा प्रश्न मला रात्री-अपरात्री पडतो. उत्तर देणारा १८ जानेवारी १९७१ ला गेला. आदल्याच दिवशी बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत सीमाभागातल्या मराठी माणसांसाठी बोलले होते. पन्नाशीही गाठली नव्हती. मालवणला त्यांच्या नावाचं सेवांगण आहे, कणकवलीत त्यांच्या नावाने एकांकिका स्पर्धा होते. पण त्यांच्या विधेयकावर वाद घालणारा मला गावाकडे अजून भेटलेला नाही, आणि मला वाटतं त्यांना पुतळ्यापेक्षा तो वाद आवडला असता.

म्हणजे फेब्रुवारीचं ते कूपन आलं तेव्हा नाथ पै जाऊन महिना झाला होता. लोकसभा डिसेंबरातच बरखास्त झाली होती. इंदिरा गांधींची 'गरिबी हटाव'ची घोषणा देशभर घुमत होती. आजोबांनी मुंबईत ती ऐकली, पटली, आणि विश्वासाने लिहिलं. मी त्यांना दोष देत नाही. गिरणीत बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला गरिबी हटवण्याची भाषा पटणारच. इकडे झोपडीवर नवाच माणूस उभा होता. मधू दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. ना कोकणातले, ना इथल्या बोलीतले. आजी त्यांना शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणायची.

त्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे साऱ्या देशातून २ खासदार निवडून आले. एक बंगालात कोंटाईहून समर गुहा आणि दुसरे राजापूरहून मास्तर. देशभर गाय-वासरू धावत असताना आमच्याकडच्या शाळांमधून झोपडीवर शिक्के पडले. त्यांतले किती बायकांचे होते याची नोंद कुठे असणार नाही. पण गावात तेव्हा होतं कोण? म्हातारे, पोरं आणि बायका. २०११ च्या जनगणनेतसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. जिथे कर्ते पुरुष वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला येत, तिथे मार्चमधल्या मतदानाला रांगेत कोण उभं होतं ते मला जनगणनेने सांगायला नको. राजापूरचा खासदार बराच काळ बायकांनी निवडला, असं मी म्हणतो, आणि ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी आपल्या आजीला विचारावं.

मास्तरांनी तो मतदारसंघ वीस वर्षं सांभाळला. आणीबाणीत ते बंगळुरूच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. सुटून आल्यावर १९७७ ला चिन्ह बदललं होतं, झोपडी जाऊन चक्रातला नांगरधारी शेतकरी आला होता. आजीला झोपडी गेल्याचं वाईट वाटलं, पण चिन्ह शोधायला ती शिकली. मास्तर रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोमची गादी आली ती त्यांच्या काळात. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस मुंबई-हावडा धावू लागली तीही त्यांच्याच काळात. मतदारसंघात मात्र तेव्हा रेल्वेचा एक रूळही नव्हता. बिहारातला मजूर मास्तरांच्या गादीवर झोपून मुंबईला येत होता आणि त्यांचे स्वतःचे मतदार येस्टीत उभे राहून, ओकाऱ्या काढत रात्र काढत होते. तरीही १९८० ला त्यांना मत दिलं गेलं. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या, तेव्हा उरलेल्या ५ मध्ये राजापूर होतं. १९८९ लाही तेच. त्या वेळी १८ वर्षांच्या पोरांना पहिल्यांदा मतदान मिळालं होतं.

मग ते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही चार राज्यं भागीदार, बाकीचा पैसा रोख्यांतून, आणि काम ई. श्रीधरन यांच्या हाती. आमच्या गावाजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मोजणीवाले आले. लाल-पांढऱ्या काठ्या उभ्या राहिल्या. आम्ही पोरं त्या काठ्यांमधून गाडी-गाडी खेळायचो.

आणि १९९१ ला मास्तर पडले.

निकाल लागला तेव्हा मिरग लागून गेला होता. तरवा पेरून झाला होता, पाऊस धरला होता. मी सोळा वर्षांचा. काका कणकवलीहून भिजत आले आणि पडवीतच सांगितलं. आजी चुलीपुढे होती. ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "मास्तर पडलो? मगे रेल्वे कोण हाडतलो?" कुणी उत्तर दिलं नाही. निवडून आले होते काँग्रेसचे सुधीर सावंत, लष्करातून आलेले. पण आमच्या पडवीतली शांतता त्यांच्यामुळे नव्हती. बाबांनी त्या वेळी धनुष्यबाणाला मत दिलं होतं, आणि ते आजीला माहीत होतं.

बाबांची बाजूही मला सांगितलीच पाहिजे. आजोबांच्या मागून तेही गिरणीत लागले होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांच्यासाठी उघडलीच नाही. चाळीतल्या खोलीत बसलेल्या, कुणाच्याही खिजगणतीत नसलेल्या त्या माणसाला रात्री उजेड असलेलं एकच दार दिसे, शिवसेनेच्या शाखेचं. रेशनकार्डाचं काम असो, दवाखाना असो की भावाच्या शाळेतला प्रवेश, तिथे माणूस भेटायचा. समाजवादी मंडळी विचाराने मोठी होती, पण परळच्या त्या गल्लीत बाबांना ती भेटली नाहीत. गावाला येताना बाबा मिठाईच्या पुड्याबरोबर भगवा झेंडाही घेऊन आले. असे झेंडे घेऊन आलेले बाबा वाडीवाडीत होते. ज्या वाटेने मनिऑर्डर येत होती त्याच वाटेने आता मतही यायला लागलं, असं मी पूर्वी रागाने म्हणायचो. आता राग नाही. मास्तरही मुंबईहूनच आले होते, हे मला फार उशिरा सुचलं. या मुलखाचं राजकारण आधीपासून मुंबईशी बांधलेलं होतं. बदललं ते एवढंच की पूर्वी घरातल्या बाईला स्वतःचं असं काही ठरवायला आत अंधारी खोली होती, आणि आता निवडणुकीच्या महिन्याभर आधीच नवरा गावात येऊन बसायला लागला.

१९९६ ला शिवसेनेचे सुरेश प्रभू आले. चार्टर्ड अकाउंटंट, शांत बोलणारे. १९९८, १९९९, २००४, सलग निवडून आले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ऊर्जा खातं त्यांनी सांभाळलं, आणि पुष्कळ नंतर, राज्यसभेत असताना, रेल्वे खातंही. राजापूरने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले. गंमत अशी की पहिला होता तेव्हा इथे रूळ नव्हते आणि दुसरा झाला तेव्हा तो इथला खासदार नव्हता.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर खुली झाली. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही आजीला कणकवली स्टेशनवर नेलं, नुसती गाडी दाखवायला. अडुसष्ट वर्षांची, उन्हात पदर डोक्यावर घेऊन फलाटावर उभी. गाडी आली, थांबली. ती डब्याजवळ गेली आणि खिडकीच्या गजांतून आत पाहिलं, जसं १९५७ ला पेटीजवळ वाकून पाहिलं असेल तसं. बाकावरच्या गादीला हात लावायला तिला हवा होता, पण खिडकी उंच. मग गाडी सुटली. परतताना रिक्षात तिने विचारलं, "मास्तर इललो काय गाडयेत?" बाबा शेजारी बसले होते. ते बाहेर बघत राहिले.

मास्तर पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. २००५ च्या नोव्हेंबरात वारले. आजी त्यांच्या आधीच गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, लवकर सांगतो. २००९ ला नव्या नावाच्या मतदारसंघात काँग्रेसचे नीलेश राणे यांनी प्रभूंचा पराभव केला. २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत मोठ्या फरकाने निवडून आले. या सगळ्या काळात जैतापूरचा अणुप्रकल्प, मग नाणारची रिफायनरी, मग तीच बारसूच्या सड्यावर, यांना गावांचा विरोध चालू होता. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला गोळीबार झाला आणि एक मच्छीमार गेला. बारसूला २०२३ मध्ये रणरणत्या उन्हात कातळावर झोपून वाट अडवलेल्या बायकांचे फोटो मी पाहिले तेव्हा मला त्यांत चेहरे ओळखीचे वाटले. एकही बाई ओळखीची नव्हती. पण डोक्यावरचा पदर आणि बसण्याची ढब मी ट्रंकेपासून ओळखत होतो.

७ मे २०२४. मतदानाला मी पुण्याहून आदल्या रात्री पोहोचलो. बाबा भावाकडे नालासोपाऱ्याला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवास बंद. त्यांचं फार दिवसांचं दुःख हे की या वेळी मशीनवर धनुष्यबाण नव्हताच. सेना फुटली होती; राऊत मशालीवर उभे होते आणि नारायण राणे कमळावर. सकाळपासून त्यांचे आईला तीन फोन. कुठलं बटण दाबायचं ते तीनदा सांगून झालं.

आई पंच्याहत्तरीला टेकलेली. आम्ही सात वाजताच शाळेत गेलो, ऊन चढायच्या आत. तीच शाळा, कौलांच्या जागी आता पत्रे. रांगेत माझ्या पुढे अकरा बायका, बहुतेकींचे नवरे गेलेले नाही तर मुंबईत. कुणाच्या आंब्यांची गाडी भरायची होती, कुणी पेज चुलीवर ठेवून आली होती. गजाली चालल्या होत्या, पण मताविषयी एक शब्द नाही. माझ्या आधी आई आत गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिचं डोकं खाली झुकलेलं दिसलं. बटण दाबून झालं असावं, तरी आई तिथेच. मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. ती पडेपर्यंत ती बघत होती. मग चष्मा वर केला आणि बोटाची शाई वाळवत बाहेर आली.

जूनमध्ये राणे सुमारे ४८ हजार मतांनी निवडून आले. या पट्ट्यातून कमळाचा खासदार पहिल्यांदाच गेला. पण माझ्या डोक्यात ती सकाळच राहिली आहे.

आम्ही पाणंदीतून घरी येत होतो. वईवर काजूचे बोंडू पडून कुजत होते. आईच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. बाबा. तिने तो कानाला लावला आणि मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "दाबलंस मा? खयचा दाबलंस?"

"दाबलंय," आई म्हणाली.

"अगो पण खयचा?"

"गोळी घेतलास काय सकाळची?" तिने विचारलं. पलीकडे ते काहीतरी पुटपुटले. "घेया आदी," असं म्हणून तिने फोन बंद केला आणि पुन्हा कमरेला खोचला.

मी तिच्याकडे बघत होतो, हे तिला कळलं असावं.

"चल बेगीन," ती म्हणाली, "चुलीर पेज आसा."